पदार्थ घेतला, कृती टाकली

ग्रीनलँड शार्क हा मासा ताजा खाण्याजोगा नसतो. त्याच्या मांसात युरिया आणि ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड ही द्रव्यं इतकी असतात, की ताजं मांस पोटात गेलं तर झिंग चढल्यासारखं होतं, तोल जातो, उलट्या होतात. आइसलँडच्या लोकांनी यावर काढलेला तोडगा असा : मासा साफ करून समुद्रकाठच्या रेताड, खडीच्या जमिनीत उथळ खड्ड्यात ठेवायचा, वर वाळू-खडी लोटायची आणि त्यावर दगड रचायचे. दगडांच्या भाराने मांसातलं पाणी झिरपत राहतं आणि खडीतून निचरून जातं. सहा ते बारा आठवड्यांनी मांस वर काढून त्याच्या लांब पट्ट्या कापतात आणि वारा खेळता असलेल्या छपराखाली चार-पाच महिने टांगून ठेवतात. बाहेरून तपकिरी कवच धरतं. ते तासून टाकायचं आणि आतलं मांस लहान तुकडे करून खायचं. हाच तो हाकार्ल.

‘जगातले सर्वांत किळसवाणे पदार्थ’ अशा याद्यांत हाकार्ल हमखास असतो. त्याचा अमोनियाचा भपकारा, पहिला घास घेणाऱ्या पाहुण्याचं वेडंवाकडं तोंड, सगळं त्या याद्यांत असतं. खड्डा चिकणमातीत न करता खडीतच का करायचा, वर दगड कशाला, हे मात्र कुठेच नसतं. खरं म्हणजे खडी आणि दगड हाच त्या पदार्थाचा गाभा. निचरा झाला नाही, तर उरेल तो नुसता सडलेला मासा.

परक्या अन्नाकडे बघण्याच्या दोन सवयी आपल्याकडे आहेत. एक किळसेची. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, अखुनी आणि तत्सम ‘वासाचे’ पदार्थ शेजाऱ्यांत गोंधळ न होईल अशा रीतीने करावेत, असं तीत लिहिलं होतं. अखुनी म्हणजे सोयाबीन उकडून, पानांत गुंडाळून, चुलीच्या उबेला काही दिवस आंबवलेलं नागा लोकांचं रोजचं चवीचं साधन. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत सुकट भाजण्यावरून होणाऱ्या तक्रारी याच जातीच्या. दुसरी सवय कौतुकाची. अलीकडे तिला बहर आला आहे : रानभाजी, मुंग्यांची चटणी, ‘विस्मृतीत गेलेलं सुपरफूड’. किळस आणि कौतुक एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण दोघींची नजर एकाच जागी असते, कच्च्या मालावर. कृती दोघींनाही दिसत नाही. कौतुकाचा धोका मला जास्त वाटतो. किळस करणारा निदान ते खात तरी नाही. कौतुक करणारा माल उचलतो, कृती मागे सोडतो, आणि मग माणसं आजारी पडतात. हे जगात वारंवार घडलं आहे, आणि महाराष्ट्रात आज आपण रानभाज्यांचं जे करतो आहोत, त्याचा विचार या घटना समोर ठेवूनच व्हायला हवा.

सगळ्यात मोठं उदाहरण मक्याचं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत मका नुसता दळून खात नाहीत. एक किलो कोरड्या मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना आणि तीनेक लिटर पाणी घेऊन दाणे अर्धा-पाऊण तास उकळतात, त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात, सकाळी चोळून धुतात. साल सुटून जातं, दाणा फुगतो आणि तो ओलाच वाटून त्याच्या तोर्तिया थापतात. चुना कमी पडला तर साल सुटत नाही आणि पीठ जुळून येत नाही. जास्त झाला तर पीठ पिवळं पडतं, त्याला साबणासारखी चव येते. वाटणाऱ्या बाईला हे हाताला कळतं. तिला दिसत नाही अशी एक गोष्ट याच पाण्यात घडत असते. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं, की ते आपल्या आतड्यात सुटं होत नाही. चुन्याच्या पाण्यात ते सुटतं. वर चुन्यातलं कॅल्शियम मिळतं, ते वेगळंच.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला, आफ्रिकेत गेला, पण चुना गेला नाही. बियाणं जहाजात भरता येतं. मका वाटणाऱ्या बायकांकडून काही शिकून घ्यावं, हे जिंकायला आलेल्यांच्या मनातही आलं नाही. १७३५ साली गास्पार कसाल या वैद्याने स्पेनच्या अस्तुरियास प्रांतातल्या मकेखाऊ गरिबांत एक नवा रोग नोंदवला. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, मग अतिसार, मग भ्रम, मग मृत्यू. इटलीत त्याला पेलाग्रा नाव मिळालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १९०६ ते १९४० या काळात सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास माणसं मेली, असा अंदाज दिला जातो. तिथे गिरण्यांनी भर घातली : पीठ टिकावं म्हणून दाण्यातला अंकुर यंत्राने काढला जाऊ लागला आणि उरलंसुरलं पोषणही त्याच्याबरोबर गेलं. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे हे दाखवत नेलं, तरी नायसिनचं नाव त्याला जोडलं जायला १९३७ उजाडलं. दोनशे वर्षं! मेक्सिकोच्या स्वयंपाकघरात मात्र चुन्याचं भांडं तोवर हजारो वर्षं चुलीवर चढत आलं होतं.

यावर कुणी म्हणेल, त्या बायकांना नायसिन कुठे माहीत होतं? माहीत नव्हतंच, आणि त्याने काही बिघडत नाही. कारण ठाऊक नसताना नेमकी कृती पिढ्यान्‌पिढ्या टिकवणं हेही ज्ञानच आहे. त्याची अडचण वेगळी आहे : कारण ठाऊक नसेल तर परिस्थिती बदलल्यावर कृतीतलं काय सोडून चालेल आणि काय नाही, हे ठरवता येत नाही. कसाव्याची गोष्ट नेमकी इथे येते.

कसावा आपल्याला परका नाही. उपवासाचा साबुदाणा म्हणजे कसाव्याचाच स्टार्च. तमिळनाडूतल्या सेलम भागात कंद सोलून, धुऊन, किसून त्याचं दूध काढतात, ते टाक्यांत निवळू देतात, खाली बसलेल्या स्टार्चचे दाणे वळतात, भाजतात आणि वाळवतात. या झाडाच्या कंदात आणि पानांत लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. पेशी फुटली की ते झाडातल्याच एका एन्झाइमला भेटतं आणि त्यातून शेवटी हायड्रोजन सायनाइड सुटतो. साबुदाण्यात तो प्रश्न उरत नाही, कारण किसण्याने पेशी फुटतात, लिनामारिन पाण्याबरोबर वाहून जातं आणि उरलेला सायनाइड भाजण्या-वाळवण्यात उडून जातो. केरळात कप्पा, म्हणजे हाच कसावा, उकडताना तुकडे भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून देतात, तेही याचसाठी.

कसाव्याच्या मूळ मुलखात, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, कडू जातीचे कंद किसून विणलेल्या लांब नळीत भरतात. ती ताणली की आवळते आणि रस पिळून निघतो. तो रसही फेकत नाहीत. निवळून, पुष्कळ वेळ उकळून त्याचं तुकुपी हे आंबट कालवण करतात. ब्राझीलच्या पारा राज्यात मनिसोबासाठी कसाव्याची पानं वाटून आठवडाभर उकळतात. सात दिवस पानं उकळायची हे ऐकून परक्याला हसू येईल, पण त्या पानांत कंदाच्या गराहून जास्त विष असू शकतं. पश्चिम आफ्रिकेत गारी करताना कीस पोत्यात भरून वर वजन ठेवतात, दोन-तीन दिवस आंबू देतात, मग परततात. कांगोत सोललेले कंद तीन दिवस पाण्यात भिजत ठेवतात. मऊ पडले की समजायचं, पेशी फुटल्या.

कांगोच्या बांदुंदु भागात काय घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. राजधानी किन्शासापर्यंत चांगला रस्ता झाला. कसाव्याला शहराचं गिऱ्हाईक मिळालं, मालमोटारी दारात येऊ लागल्या. तीन रात्रींचं भिजवणं एका रात्रीवर आलं. कंद दिसायला तसेच पांढरे, पीठही तसंच. मग गावोगाव बायका आणि मुलं एकाएकी पायांतून लुळी पडू लागली. या रोगाचं नाव कोंझो. दोन्ही पाय कायमचे ताठरतात आणि बरे होत नाहीत. आहारात डाळ, मासे, मांस कमी असेल तर धोका वाढतो, कारण सायनाइडचा निचरा करायला शरीराला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात. १९८१ साली मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळात हाच रोग अकराशेहून अधिक जणांना झाला. तिथे कारण भुकेचं होतं : गोड कंद संपले, कडू उरले आणि ते नीट वाळेपर्यंत थांबायला घरात दुसरं काही नव्हतं.

दोन्ही ठिकाणी कसावा तोच आणि माणसंही तीच. गेला तो वेळ, एका जागी बाजाराच्या घाईने आणि दुसऱ्या जागी भुकेने. पारंपरिक अन्नाविषयी बोलताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं, की कृतीत सर्वांत आधी कापला जातो तो वेळ. तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला बाजारात भाव नाही.

यावर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी सुचवलेला उपाय मला आदर्श वाटतो. कसावा खाऊ नका, असं त्यांनी सांगितलं नाही. तयार पिठात पाणी कालवून ते चटईवर किंवा टोपलीत पातळ थरात पसरायचं, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचं आणि त्याच दिवशी शिजवायचं, इतकंच. ओल लागताच पिठात उरलेलं एन्झाइम उरलेल्या लिनामारिनवर काम करतं आणि सायनाइड उडून जातो. थर मात्र पातळच हवा. ढीग करून ठेवलं तर आतला वायू आतच राहतो. अन्नाला हात न लावता कृतीत एक पायरी वाढवली. सरकारी खाती आणि संशोधन संस्था यांचं पारंपरिक अन्नातलं काम नेमकं हे असायला हवं.

साधन बदललं तरी कृती मोडते, हे अलास्कात दिसलं. तिथले मूळ रहिवासी माशांची डोकी, सीलचे वल्ह्यासारखे पाय, बीव्हरची शेपटी गवत अंथरलेल्या थंड खड्ड्यात आंबवत आले आहेत. मग प्लास्टिकच्या बादल्या, पिशव्या आणि काचेच्या बरण्या आल्या. स्वच्छ, घट्ट झाकणाच्या, घरातच उबेला ठेवता येतील अशा. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात आणि ऊब मिळाली की लवकर वाढतात. खड्ड्यात गारवा होता, हवाही पूर्ण बंद नव्हती. बरणीत दोन्ही गेलं आणि विषबाधा वाढल्या. जी बरणी आपल्याला जास्त आरोग्यदायी वाटते, तीच इथे घातक ठरली. शेवटी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला सांगावं लागलं : आंबवायचंच असेल तर प्लास्टिक आणि बंद डबे वापरू नका, जुन्याच पद्धतीने थंड जागी आंबवा. ग्रीनलँडमध्ये किव्याक करताना सीलच्या कातडीत लहानसे ऑक पक्षी पिसांसकट शेकड्यांनी भरून, हवा दाबून काढून, शिवून, चरबीने सांधे लिंपून महिनोन्‌महिने दगडांखाली ठेवतात. २०१३ साली सिओरापालुक या वस्तीत ऑकऐवजी आयडर हे मोठे पक्षी वापरले गेले आणि ते किव्याक खाऊन काही जण दगावले. एकच घटक बदलला होता.

आता कायद्याकडे. सरकार अशा अन्नाशी दोन तऱ्हांनी वागू शकतं, आणि दोन्हींची उदाहरणं समोर आहेत.

आपल्याकडे लाखोळी डाळ आहे. विदर्भात, छत्तीसगडात, बिहारात भाताच्या बांध्यांत उरलेल्या ओलीवर, खत-पाण्याशिवाय येणारं हे पीक. हिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून हीच डाळ खाल्ली तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जायची. तिथे हा रोग घरोघरी होता. १९६१ साली केंद्राने हिच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली आणि २०११च्या अन्नसुरक्षा नियमांतही ती आली. तरी पीक थांबलं नाही. लोक पेरत राहिले, खात राहिले, भेसळीतही वापरत राहिले. बंदीमुळे एक गोष्ट मात्र झाली : डाळ कशी खावी, हे अधिकृतपणे सांगायला कुणी उरलं नाही. ओडॅप पाण्यात विरघळतं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या भरपूर पाण्यात शिजवून तेही ओतून द्यायचं, म्हणजे त्याचा मोठा भाग निघून जातो. पीठ करून भाकरी केली तर तो तसाच राहतो. शिवाय भात-भाजीबरोबर एक वाटी डाळ खाणाऱ्याचा धोका आणि सकाळ-संध्याकाळ तीच खाणाऱ्याचा धोका यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रीव्याच्या मजुराला बंदीपेक्षा तांदळात मजुरी हवी होती.

अमेरिकेने जमैकाच्या ॲकीबाबत वेगळी वाट धरली. ॲकी हे जमैकाचं राष्ट्रीय फळ, खारवलेल्या कॉड माशाबरोबर न्याहारीला खातात. कच्च्या फळात हायपोग्लायसिन असतं. ते रक्तातली साखर इतकी उतरवतं की माणूस मरतो. जमैकात नियम सगळ्यांना पाठ : फळ झाडावर आपणहून उलगडलं पाहिजे, हाताने उघडायचं नाही. मग काळ्या बिया टाकायच्या, गरातली लाल शीर काढायची, उकळायचं आणि ते पाणी फेकायचं. १९७३ मध्ये अमेरिकेने आयात बंद केली. २००० साली बंदी शिथिल झाली ती अशी : ज्या कारखान्यांनी कच्चं फळ वेगळं काढण्याची पद्धत तपासून घेतली आहे, त्यांचीच नावं मान्य यादीत आणि त्यांचाच माल आत. म्हणजे परवाना मिळाला तो त्या कृतीला. युरोपीय संघाच्या २०१५च्या नवअन्न नियमांतही एक चांगली वाट आहे. एखादं अन्न बाहेरच्या देशात लोकांच्या नेहमीच्या जेवणात किमान २५ वर्षं सुरक्षितपणे खाल्लं जात असेल, तर त्याला सोप्या मार्गाने येता येतं. पण अर्जात ते अन्न कसं तयार होतं आणि कसं खातात, हे द्यावं लागतं. लोकांच्या अनुभवाला कायद्याने पुरावा मानलं आणि तो नीट लिहून मागितला. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यापासून शिकावं.

इथे आपल्याच बाजूने होणारी एक चूक थांबवायला हवी : परंपरा आहे म्हणजे सुरक्षित आहे, ही. ईशान्य थायलंडात गोड्या पाण्यातले मासे बारीक चिरून, लिंबू-मिरची-मसाला लावून कच्चेच खातात. त्या पदार्थाचं नाव कोई प्ला. त्या माशांत यकृतातल्या पर्णकृमीच्या अळ्या असतात आणि लिंबाने त्या मरत नाहीत. वर्षानुवर्षं संसर्ग राहिला की पित्तनलिकेचा कर्करोग होतो. त्या रोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या भागांत हा प्रदेश आहे. कोई प्ला जुना आहे, लोकांचा जीव की प्राण आहे, आणि तरीही तो कच्चा खाऊ नये हेच तिथे सांगायला हवं, आणि तिथले डॉक्टर ते सांगत असतात. त्याच भागात मासे मीठ आणि कोंड्यात कित्येक महिने मुरवून प्ला रा करतात. तो मुरण्याच्या काळामुळे कितीतरी सुरक्षित होतो. दोन-चार दिवसांतच खाल्ल्या जाणाऱ्या आंबवलेल्या माशांबाबत मात्र तशी खात्री देता येत नाही. मासा एक, प्रदेश एक, निकाल मात्र तीन तऱ्हांचे. म्हणून ‘परंपरेच्या बाजूने की विज्ञानाच्या’ हा वाद मला निष्फळ वाटतो. प्रत्येक पदार्थापाशी थांबून विचारायचं : यात धोका काय, तो कोणती पायरी घालवते आणि ती पायरी वगळली तर काय होईल?

हाच प्रश्न घेऊन आपल्या पावसाळ्याकडे या. ऑगस्टमध्ये राज्यभर कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात. शहरांतल्या बाजारांत आणि घरपोच सेवांतही आता रानभाज्यांच्या जुड्या मिळतात. हे चांगलं आहे. आदिवासी बायकांच्या हातात चार पैसे येतात. पण या जुड्यांबरोबर येणारी माहिती बहुतेक वेळा दोन ओळींची असते : ‘लोह व कॅल्शियमने परिपूर्ण. स्वच्छ धुऊन नीट शिजवावी.’ टाकळ्याची कोवळी पानं, कुर्डू, करटुली यांना ते चालून जातं. शेवळाला ते चालत नाही.

शेवळं मे अखेर-जूनमध्ये पहिल्या सरींनंतर पालघर, ठाणे, रायगडकडे येतात. सुरणाच्या कुळातला हा कोंब. जुडीबरोबर विकणारी बाई मूठभर काकडं देते, ती हिरवी, आंबट फळं. शहरातलं गिऱ्हाईक पुष्कळदा ती नको म्हणून परत करतं. मग घरी भाजी होते आणि घसा असा धरतो की पुन्हा शेवळाचं नाव निघत नाही. कोंबात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडाच्या आणि घशाच्या नाजूक त्वचेत रुततात. करायची रीत अशी : हाताला तेल लावायचं. बाहेरची आवरणं सोडवायची. आतल्या दांड्याच्या बुडाशी दाणेदार पिवळट भाग असतो, तो सर्वांत खाजरा, तो पूर्ण काढून टाकायचा. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून-वाटून त्यांचा रस गाळून घालायचा, काकडं नसतील तर चिंचेचा कोळ सढळ हाताने घालायचा. आणि मग शिजू द्यायचं, घाई करायची नाही. सीकेपी घरांत शेवळाची कणी कोलंबी किंवा खिमा घालून करतात, कुणी वालाबरोबर करतात. पण काकडाचा रस आणि पिवळा भाग काढणं यांत कुणी सूट घेत नाही. जुडी ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून काकडं वगळून पाकीट बांधणारा विक्रेता शेवळं विकतच नाही, घशाची आग विकतो.

बांबूच्या कोंबांचं, विदर्भातल्या वास्त्यांचं, गणित वेगळं. त्यात टॅक्सिफायलिन असतं आणि त्यातूनही सायनाइड सुटतो. कोंब सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळायचे आणि पाणी फेकायचं. शहरातल्या हाताला कुकरची सवय असते. वायू उडून जायला उघडं भांडं लागतं आणि विष वाहून जायला फेकण्याचं पाणी लागतं. कुकरच्या थोड्या पाण्यात शिजवून तोच रस्सा भाजीत ठेवला, तर दोन्ही चुकतं. सह्याद्रीतल्या कडूकंदाला याहून मोठी कृती लागते : चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, पाणी बदलायचं, कडूपणा जाईपर्यंत धुवायच्या. याच कुळातला एक अतिविषारी कंद इंडोनेशियात गादुंग म्हणून खातात. त्याच्या चकत्यांना राख चोळून, त्या वाळवून, काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवतात. जंगलाची वाट आणि ओढ्याचं पाणी गेलं की ही कृतीही जाते. धरणाखाली किंवा पुनर्वसनात गेलेल्या वस्तीत नळाच्या दोन बादल्यांवर कडूकंद होत नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, महोत्सवातल्या आणि पाकिटातल्या प्रत्येक रानभाजीबरोबर सहा गोष्टी छापल्या जाव्यात : कोणता भाग खायचा, कोणता टाकायचा, शिजवलेलं पाणी फेकायचं की ठेवायचं, सोबत आंबट काय आणि किती, किमान किती वेळ, आणि तिच्यासारखी दिसणारी कोणती वनस्पती खाऊ नये. पाणी फेकण्याची सूचना सरसकट नको. ज्या भाजीला गरज नाही तिचं पाणी फेकलं तर जीवनसत्त्वं उगाच जातात. दुसरी, २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. त्यांत ‘उपयोग : भाजी’ एवढ्यावर नोंद थांबू नये. कृती वेळेसकट, मापासकट, सांगणाऱ्या बाईच्या संमतीने आणि तिच्या नावावर लिहिली जावी. तिसरी, कृषी विद्यापीठांनी रानभाजीतलं लोह मोजणं थोडं बाजूला ठेवून पायऱ्या तपासाव्यात. शेवळात काकडाच्या रसाने नेमकं काय घडतं, चिंच तितकंच काम करते का? कडूकंदाला राखेऐवजी खाण्याचा सोडा चालेल का, किती पाण्याने भागेल? ब्रॅडबरींनी कसाव्यासाठी केलं तेवढं साधं काम आपल्या पन्नास-साठ भाज्यांसाठी होऊ शकतं.

चौथी मागणी पैशाची आहे. महोत्सवात स्टॉलवर बसणाऱ्या बाईला आज भाजीचे पैसे मिळतात, ज्ञानाचे मिळत नाहीत. परीक्षक म्हणून बोलावलेल्या नावाजलेल्या शेफला मानधन असतं. शेवळ सोलून दाखवणाऱ्या, पिवळा भाग कुठवर कापायचा हे बोटाने सांगणाऱ्या कातकरी, ठाकर, वारली बाईला तेवढंच मानधन द्यावं आणि तिच्या पुढ्यात विक्रीच्या टोपलीबरोबर एक चूल, एक उघडं पातेलं आणि फेकण्याच्या पाण्यासाठी एक बादली ठेवावी. जुडी घेणाऱ्याने आधी पंधरा मिनिटं तिथे उभं राहावं आणि काकडं नाकारणाऱ्याला जुडी देऊ नये, असा नियम महोत्सवाने करावा.